शाहू महाराजांचा शिकारीचा नाद

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची ठरली तेव्हा चिटणीसबाईंनी मला एखादी पाककृती लिहून द्या म्हणून सांगितले होते. फणसाच्या सांदणाची कृती मी लिहिलीही होती. परंतु ती दोन वर्षांपूर्वीच्या अंकात दुसऱ्या भगिनीची येऊन गेली आहे असे कळले. तेव्हा मी एक चरित्र लिहीन असे मी धीर करून सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी कोणी विदुषी नव्हे. वाचनालयातून आणलेली पुस्तके दुपारची झाकपाक झाल्यावर वाचावीत, एवढाच काय तो माझा अभ्यास. तरी वाचकभगिनींनी गोड मानून घ्यावे.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांच्याविषयी शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनीच वाचले आहे. वसतिगृहे, सक्तीचे शिक्षण, मागासलेल्यांसाठी राखून ठेवलेल्या नोकऱ्या, हे सारे मुलांना तोंडपाठ असते. मला लिहायचे आहे ते त्यांच्या एका नादाविषयी. महाराजांना शिकारीचा आणि रानावनात राहण्याचा विलक्षण नाद होता. त्या नादाने त्यांना पुष्कळ दिले आणि शेवटी त्यांच्याकडून एक असे काही नेले की त्याची भरपाई कोणत्याही राज्याने होणार नाही.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कसबा बावडा येथे झाला. मूळचे नाव यशवंतराव. कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले. आई राधाबाई वारल्या तेव्हा मूल तीन वर्षांचे नव्हते. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतले आणि दहा वर्षांचाही न झालेला मुलगा गादीचा धनी झाला. दोन वर्षांनी वडीलही गेले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज गुरूंच्या हाताखाली शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकरांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी लग्न झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती आली. आई नाही, बाप नाही, भोवती सगळे कारभारी आणि साहेबलोक. अशा मुलाला घोडा, कुत्रा आणि मोकळे रान जवळचे वाटले तर त्यात नवल नाही, असे माझे मत आहे.

त्या काळी शिकार हा राजेलोकांचा आणि साहेबांचा मोठा छंद होता. विलायतेत घोड्यावर बसून, तीसचाळीस कुत्र्यांची टोळी पुढे सोडून, खोकडाच्या मागे ओढे आणि कुंपणे ओलांडीत धावायचे, ही तिकडच्या जमीनदारांची आणि पैसा मिळवून खेड्यात घर बांधणाऱ्या व्यापाऱ्यांची मोठी हौस. इकडे आल्यावर साहेबांना ती चुकेना. मग विलायतेहून कुत्री आणवून पुण्याला आणि उटीला ते खोकडाऐवजी कोल्ह्याच्या पाठी लागत. आपल्या कोकणात रात्री कोल्हेकुई ऐकली की आपण पोरांना घरात घेतो; त्या कोल्ह्यासाठी एवढा थाट करावा याचे मला तरी हसूच येते. इंग्लंडात आता २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकडून अशी शिकार करण्यास बंदी झाली आहे.

कोल्हापूरची रीत निराळी होती. तेथे शिकारी चित्ते पाळीत. येथे एक खुलासा करते. आपल्याकडे आंब्याच्या बागेत येतो, विहिरीत पडतो आणि ज्याला आपण सरसकट वाघ म्हणतो, तो बिबट्या. चित्ता वेगळा. अंगाने सडपातळ, पाय लांब, अंगावर भरीव गोल ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळावे तशी काळी रेघ. त्याला डरकाळी फोडता येत नाही. बछडे पाळून उपयोग नसे, कारण शिकार करायला त्याला त्याची आईच शिकविते. म्हणून वाढलेला चित्ता धरून आणीत आणि मग त्याला माणसाळवीत. हे काम चित्तेवानांचे. चित्त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवायची, त्याला चारपाईवर बांधायचा, आणि बायकामुलांची वर्दळ चालू असेल तेथे ठेवायचा, म्हणजे माणसांच्या आवाजाची त्याला सवय होते. चित्तेवान त्याच्याजवळच निजत. आपल्या घरात मांजर चुलीजवळ पडून असते तसे ते जनावर त्या लोकांच्या घरात असे. त्या चित्तेवानांच्या बायकांचे मला फार कौतुक वाटते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

शिकारीच्या दिवशी टोपी घातलेल्या चित्त्याला गाडीवर बसवून माळावर नेत. काळविटांचा कळप गाडीला फारसा भीत नाही, कारण गाड्या तो रोज पाहतो. पुरेसे जवळ गेले म्हणजे टोपी काढायची. चित्ता उडी टाकतो आणि वाऱ्यासारखा सुटतो. परंतु त्याचा दम थोडा. काही शे पावलांत साधले तर साधले, नाहीतर तो रुसून खाली बसतो. काळवीट पकडले म्हणजे चित्तेवान धावत जाऊन लाकडी पळीत त्याच्यापुढे रक्त किंवा मांस धरतो, त्याचे लक्ष तिकडे गेले की पुन्हा टोपी. कोल्हापुरात हा खेळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीपर्यंत चालू होता आणि देशी चित्ते मिळेनात तेव्हा आफ्रिकेतून आणवीत. आपल्या देशातला चित्ता पुढे समूळ नाहीसा झाला, १९५२ मध्ये सरकारनेच तसे जाहीर केले. २०२२ मध्ये मध्यप्रदेशातील कुनोच्या जंगलात आफ्रिकेतले चित्ते सोडले तो समारंभ आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिला.

चित्त्याखेरीज महाराजांना रानडुकराची शिकार प्रिय. ती बंदुकीने नव्हे, भाल्याने. घोडा भरधाव सोडायचा आणि डुकराला गाठून भाला मारायचा. हा खेळ फार जोखमीचा. रानडुकराचे सुळे म्हणजे कोयतेच. शिवाय माळावर बिळे असतात, चर असतात, घोड्याचा पाय कोठे अडकेल याचा नेम नाही. माझ्या माहेरच्या गावी शिमग्यानंतर पारध निघत असे, असे जुनी माणसे सांगत. हाकारे ओरडत आणि कुत्री सोडून डुकरे उठवीत. त्या पारधीत माझ्या वडिलांचे एक चुलते मांडीला सुळा लागून कायमचे लंगडे झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हे सारे बंद पडले. आता डुकरे निर्धास्तपणे नाचणी आणि भात लोळवून जातात आणि शेतकरी रात्रभर डबे वाजवीत बसतो, तो भाग निराळा. मी शेतकऱ्याची सून आहे, तेव्हा शिकाऱ्याला सरसकट नावे ठेवणे मला जमणार नाही.

महाराजांचा देह पुढे फार मोठा झाला. उंची दांडगी आणि वजनही तसेच. त्यांच्या खडखड्याच्या गोष्टी कोल्हापुरात आजही निघतात. खडखडा म्हणजे घोडे जोडलेली उघडी मजबूत गाडी. तिचे लगाम महाराज स्वतः हाती धरीत. खडकाळ माळावरून ती जाताना जो आवाज होई त्यावरून हे नाव पडले असावे. वाटेत कोणी म्हातारी डोक्यावर ओझे घेऊन चाललेली दिसली तर तिला गाडीत घ्यावे, कोणा शेतकऱ्याच्या बांधावर थांबून त्याची भाकरी आणि ठेचा खावा, तेथेच त्याची तक्रार ऐकून हुकूम द्यावा, असे चाले. कचेरीत बसून ज्या गोष्टी कारभारी कानांवर येऊ देत नसत त्या शिकारीच्या वाटेवर कळत. म्हणून शिकारीने त्यांना पुष्कळ दिले असे मी वर म्हटले.

कोल्हापूरजवळ सोनतळी येथे त्यांची छावणी होती. राजवाडा सोडून महाराज तेथे साधेपणाने राहत. भोवती घोडे, कुत्री आणि माणसे सर्व जातींची. फासेपारधी लोकांना सर्वत्र चोर समजत आणि त्यांना पोलिसांपुढे रोज हजेरी द्यावी लागे. रानाची वाट, जनावराचा माग आणि फासे यांत त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे शिकारी राजाला ठाऊक. महाराजांनी त्यांना जवळ आणले, पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या, राहायला जागा दिली, आणि १९१८ मध्ये हजेरीची ती पद्धतच आपल्या राज्यातून काढून टाकली. ज्यांना गाव शिवू देत नव्हते ते राजाच्या बिछान्याभोवती पहारा करू लागले.

गंगाराम कांबळे यांची गोष्टही याच वर्तुळातली. ते महाराजांच्या पागेत नोकर होते. महाराज परगावी असताना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज परतल्यावर ते सोनतळीला जाऊन रडले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना भांडवल देऊन कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले. दुकान काढले तरी अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज आपला खडखडा त्या दुकानापुढे उभा करून तेथला चहा मागवीत आणि बरोबरच्या सरदारमानकऱ्यांनाही पाजीत. महाराजांच्या गाडीत बसून चहा नको म्हणण्याची कोणाची छाती होती! मला स्वतःला महाराजांच्या सर्व गोष्टींत ही फार आवडते. कायदा करणे राजाला सोपे. रोज गाडी थांबवून चहा पिणे हे चिकाटीचे काम आहे.

महाराजांना व्यापाराचीही दृष्टी होती. गुळासाठी शाहूपुरीची पेठ १८९५ मध्ये वसविली, १९०६ मध्ये कापडाच्या गिरणीचा पाया घातला, पन्हाळ्याकडे चहाची लागवड करविली. शिकारीसाठी पालथी घातलेली रानेच पुढे कामी आली. भोगावती नदीवर धरण बांधण्याचे काम त्यांनी हाती घेतले. तेथल्या गावाला थोरल्या कन्या राधाबाई यांच्यावरून राधानगरी हे नाव दिले आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचे. काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याच बाजूचे दाजीपूरचे जंगल हे राजघराण्याचे शिकारीचे रान. फोंडा घाट चढून गेले की ते लागते. राखून ठेवले म्हणून ते टिकले, आणि १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. जनावरे मारण्यासाठी राखलेले रान आता त्यांनाच माहेर झाले आहे.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे वळते.

महाराजांना दोन मुलगे. थोरले राजाराम आणि धाकटे शिवाजी. धाकट्यांचा जन्म १८९९ चा. ६ जून १९१७ रोजी त्यांचे लग्न सासवडच्या जगताप घराण्यातील मुलीशी झाले. सासरचे नाव इंदुमती. वय साडेदहा वर्षांचे. कायद्याने आणि भाषणाने सुधारणा सांगणाऱ्या राजाच्या घरातही सून साडेदहा वर्षांची आली, हे येथे लिहिलेच पाहिजे. काळच तसा होता असे म्हणून मी ते झाकून ठेवणार नाही.

त्याच वर्षी जुलै महिन्यात महाराजांनी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता देणारा हुकूम काढला. सप्टेंबरात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा आरंभ झाला. सारे घर सुखात होते.

१२ जून १९१८ रोजी राजपुत्र शिवाजी रानडुकराच्या शिकारीस गेले असता अपघात झाला आणि त्यात ते गेले. वय एकोणीस. लग्नाला एक वर्ष आणि सहा दिवस झाले होते. बापाने लहानपणापासून ज्या खेळात मुलांना वाढविले, घोड्यावर मांड कशी ठेवावी, भाला कसा धरावा हे ज्या घरात बाळकडूबरोबर मिळाले, त्याच खेळाने मुलगा नेला. असा राजा आपल्या घोड्यांकडे आणि भाल्यांकडे त्यानंतर कोणत्या नजरेने पाहत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. पोहायला शिकवलेला मुलगा खाडीत बुडाला म्हणजे आपल्याकडचे बाप होडीला हात लावीत नाहीत, असे मी पाहिले आहे.

आणि अकरा वर्षांची ती मुलगी! त्या काळी मोठ्या घरात विधवा झालेल्या मुलीचे काय होई हे जुन्या बायकांना सांगायला नको. माझ्या आईची एक मावशी सोळाव्या वर्षी विधवा झाली. ती भावाच्या घरी आयुष्यभर राबली. पुड्यांचे कागद चुलीत घालण्यापूर्वी ती ते सरळ करून अक्षर अक्षर लावीत बसे. तेवढीच तिची शाळा. कोणी वाईट वागविले असे नाही. पण तिला शिकवावे असे कोणाच्या मनातच आले नाही. मला सातवीनंतर घरी बसविले तेव्हाही धाकटी भावंडे सांभाळायला कोणीतरी हवे एवढेच कारण होते. कोणी रागावले नाही, कोणी रडले नाही. मी मात्र रडले होते.

महाराजांच्या मनात मात्र ते आले. दुःख ऊर फोडणारे होते. तरी सुनेला शोकाच्या कोपऱ्यात बसू द्यायचे नाही असे त्यांनी ठरविले. राजवाड्यातील कित्येकांना ही गोष्ट रुचली नाही. राजघराण्यातील विधवा सुनेने पडदा सोडून इंग्रजी शिकावे हे तेव्हा अब्रूला सोडून वाटे. महाराजांनी काय केले, तर तिला राजवाड्यातून काढून सोनतळीला आणले. जेथे घोडे, कुत्री आणि फासेपारध्यांचा पहारा, जेथे शिकारीचे बेत ठरत, तेथे आता पाटीपुस्तक आले. एकटी मुलगी कंटाळेल म्हणून सोबतीला निरनिराळ्या जातींच्या मुली ठेवल्या आणि शिक्षक नेमले. तिने पुढे डॉक्टरीण व्हावे अशी त्यांची इच्छा होती. दिल्लीच्या बायकांच्या डॉक्टरी कॉलेजात पाठविण्याचा विचार होता. महाराज बाहेरगावी असले म्हणजे तिला पत्रे पाठवीत आणि अभ्यासाची चौकशी करीत. सासऱ्याने सुनेला पत्र लिहावे आणि त्यात अभ्यास कुठवर आला ते विचारावे! माझ्या वाचनात जेव्हा हे आले तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते आणि चहाचे आधण आटून गेले, तरी मला भान नव्हते.

याच काळात, १९१९ मध्ये, बायकांना घरात क्रूरपणे वागविण्याविरुद्ध त्यांनी कायदा केला आणि १९२० मध्ये देवदासीची चाल बंद करण्याचा. शिकारीच्या अपघाताचा आणि या कायद्यांचा संबंध जोडण्याइतकी मी शिकलेली नाही. पण घरात अकरा वर्षांची विधवा सून असताना माणूस बायकांच्या दुःखाकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहत असेल, एवढे सात इयत्ता शिकलेल्या बाईलाही समजते.

महाराजांना मधुमेह होता, हृदयही अशक्त झाले होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीतील पन्हाळा लॉज येथे त्यांचे देहावसान झाले. तेव्हा त्यांना अठ्ठेचाळिसावे वर्ष चालू होते. आमच्या घरातली पुरुषमंडळी त्या वयात नुकती मुलांच्या लग्नाचा विचार करू लागतात.

इंदुमती राणीसाहेबांचे शिक्षण मात्र त्यामुळे थांबले नाही. त्या मॅट्रिकची परीक्षा उतरल्या. डॉक्टरीण होणे राहून गेले, कारण पाठीशी उभा राहणारा गेला होता. पुनर्विवाह त्यांनी केला नाही. सासऱ्यांचा कायदा असूनही का केला नाही, हा प्रश्न मंडळातील एका तरुण भगिनीने मी हा लेख वाचून दाखविला तेव्हा विचारला. माझे उत्तर असे की, कायदा दारापर्यंत येतो, उंबरठ्याच्या आत यायला त्याला पुष्कळ वर्षे लागतात. राणीसाहेबांनी पुढे कोल्हापुरात बायकांसाठी ललिता विहार ही संस्था काढली आणि मुलींच्या शिक्षणाच्या कामात उरलेले आयुष्य घातले. १९७१ मध्ये त्या वारल्या.

गेल्या जून महिन्यात माझ्या धाकट्या मुलीच्या प्रवेशाकरिता आम्ही दोघी एस.टी.ने अंबा घाटातून कोल्हापूरला गेलो. पाऊस नुकताच सुरू झाला होता. पन्हाळ्याचा फाटा मागे पडला आणि कोल्हापूर जवळ आले तेव्हा सोनतळी कोणत्या बाजूला म्हणून मी वाहकांना विचारले. त्यांनी हात करून दाखविले. बाहेर उसाची शेते दिसत होती आणि एक मुलगा म्हशी घेऊन चालला होता. मुलगी मोबाईलमध्ये अर्जाचा नंबर पाहत होती. तिला हलवून मी बाहेर पाहायला सांगितले.